दयेचे दान आणि विश्वासाचे खाते



2025 च्या मे महिन्यापासून हुपरीच्या चांदीच्या पेढ्यांवर एक प्रश्न वारंवार निघतो. तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा भारत धावून गेला. त्यानंतर सव्वादोन वर्षांत त्याच तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू उचलून धरली. मग आपल्या मदतीचा उपयोग तो काय झाला? प्रश्न विचारणारे बहुधा व्यापारी असतात, त्यामुळे प्रश्नाचा सूर बुडीत खात्याचा असतो : रक्कम गेली, वसुली नाही. माझी हयात बँकेच्या खतावण्यांत गेली असल्याने ‘बुडीत’ हा शब्द कानी पडला की माझ्या मनात पहिला विचार येतो तो हा की, मुळात हे कर्ज होते तरी का?

आधी वस्तुस्थिती पाहू. 6 फेब्रुवारी 2023 रोजी पहाटे दक्षिण तुर्कस्तान व उत्तर सीरिया 7.8 तीव्रतेच्या भूकंपाने हादरले आणि त्याच दिवशी दुपारी 7.5 तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांहून अधिक माणसे दगावली. भारताने ‘ऑपरेशन दोस्त’ या नावाने मदत धाडली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या श्वानपथकांसह ढिगाऱ्यांवर उतरल्या. लष्कराच्या 60 पॅरा फील्ड हॉस्पिटलने इस्कंदरून या गावी तीस खाटांचे रुग्णालय उभे केले आणि तेथे सुमारे चार हजार रुग्णांवर उपचार झाले. सीरियालाही औषधे पाठवली गेली. ‘दोस्त’ हा शब्द तुर्की भाषेत, हिंदीत आणि आपल्या मराठीतही एकाच अर्थाने नांदतो, म्हणून ते नाव.

पुढे त्याच वर्षी सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तुर्कस्तानच्या अध्यक्षांनी काश्मीरचा उल्लेख केलाच. 2024 च्या भाषणात तो नव्हता, तेव्हा अनेकांना वाटले की मदतीचे व्याज जमा होऊ लागले. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगाम येथे 26 निरपराध माणसांची हत्या झाली. 7 मे रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले. तुर्कस्तान उघडपणे पाकिस्तानच्या पाठीशी उभे राहिले आणि 8 मेच्या रात्री सीमेवर आलेली काही ड्रोन तुर्की बनावटीची असल्याचे प्राथमिक तपासात दिसते, असे भारताच्या वतीने सांगण्यात आले. पुण्याच्या बाजारातील व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे घेणे थांबवले. उदयपूरच्या संगमरवर व्यापाऱ्यांनी तोच मार्ग धरला. विमानतळांवर सामान व विमाने हाताळणाऱ्या चेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा परवानगी केंद्राने 15 मे रोजी काढून घेतली.

या बहिष्कारात मला गैर काही दिसत नाही. कोणाकडून माल घ्यावा हे ठरवण्याचा अधिकार व्यापाऱ्याचा आहे, आणि विमानाच्या पोटाशी कोणाचा हात असावा हा तर निव्वळ सुरक्षेचा प्रश्न आहे. माझा मतभेद पुढच्या वाक्याशी आहे. ‘भूकंपाच्या वेळी मदतच करायला नको होती,’ असे जेव्हा आपल्यातलाच एखादा सुशील श्रावक म्हणतो, तेव्हा दोन निराळी खाती एकाच पानावर मांडली जात आहेत असे मला वाटते.

आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात दत्तीचे चार प्रकार सांगितले आहेत : दयादत्ती, पात्रदत्ती, समदत्ती आणि अन्वयदत्ती. पात्रदत्तीत घेणाऱ्याची योग्यता पाहावयाची असते. समदत्ती आपल्या बरोबरीच्या गृहस्थांमधली. अन्वयदत्ती म्हणजे आपला वारसा पुढच्या पिढीच्या हाती सोपवणे. दयादत्तीत मात्र समोरचा जीव भयभीत आहे, एवढीच पात्रता पुरते. ढिगाऱ्याखालच्या सहा वर्षांच्या मुलीला तिच्या देशाचे परराष्ट्रधोरण विचारण्याची सोय त्यात नाही. शिवाय आपल्याकडे तीन शल्यांपैकी एक शल्य ‘निदान’ हे मानले आहे, म्हणजे सत्कर्माच्या बदल्यात विशिष्ट फळाची अभिलाषा धरणे. हे शल्य मनात ठेवून केलेले व्रत, व्रत उरत नाही. तुर्कस्तानच्या मदतीतून काश्मीरवरील मौन विकत घेता येईल अशी आशा ज्यांनी धरली, त्यांच्या निराशेचे मूळ मला त्या आशेतच दिसते.

आपल्या महाराष्ट्राला ही दोन खाती निराळी ठेवण्याचा चांगला अनुभव आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुनर्वसनासाठी जागतिक बँकेने दिले ते कर्ज होते. त्याला मुदत होती, परतफेड होती, अटी होत्या, आणि त्या सरळ कागदावर लिहिलेल्या होत्या. त्याच काळात शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने लातूर-उस्मानाबाद भागातील बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याजवळ वाघोलीला आणले. ती मुले कोणत्या जातिधर्माची, पुढे ती समाजाला काय परत करतील, असा जमाखर्च कोणी मांडला नाही. कर्ज हे कर्जाच्या जागी आणि दया दयेच्या जागी राहिली, म्हणून दोन्हींचा मान राहिला.

मग आपत्तीतील मदतीचा राष्ट्रांच्या संरक्षणसंबंधांशी काहीच संबंध नसतो काय? असतो, आणि तो मोठा असतो. पण कृतज्ञतेच्या वाटेने तो फारसा येत नाही. याचे उत्तम उदाहरण आपल्याच समुद्रात घडले.

26 डिसेंबर 2004 च्या सुनामीत हिंदी महासागराच्या काठावरील देशांत मिळून सव्वादोन लाखांहून अधिक माणसे गेली. आपल्या तमिळनाडूत, अंदमान-निकोबारात हाहाकार झाला. कार निकोबारचा हवाई दलाचा तळ लाटांनी उद्ध्वस्त केला. घर असे कोसळलेले असताना भारताने काही तासांत शेजाऱ्यांकडे नौदल व विमाने वळवली. श्रीलंका, मालदीव व इंडोनेशियाकडे आपली जहाजे अन्न, पाणी, डॉक्टर घेऊन निघाली. परदेशांकडून स्वतःसाठी मदत घेण्याचे मात्र भारताने त्या वेळी नम्रपणे नाकारले. घेणारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशाने देणाऱ्यांच्या रांगेत बसण्याचा तो क्षण होता.

तीनच दिवसांनी, 29 डिसेंबरला, अमेरिकेच्या अध्यक्षांनी जाहीर केले की अमेरिका, भारत, जपान व ऑस्ट्रेलिया हे चार देश मदतकार्याचा मेळ घालतील. या गटाला ना करार होता, ना कचेरी, ना घटना. चारही राजधान्यांतील वरिष्ठ अधिकारी दूरध्वनीवर बोलत : कोणाचे जहाज कोठे आहे, कोणत्या धावपट्टीवर जागा आहे, कोणाकडे हेलिकॉप्टर मोकळे आहे. 6 जानेवारी 2005 रोजी जकार्ता येथील परिषदेत हे काम संयुक्त राष्ट्रांकडे सोपवून गट विसर्जित झाला. एकूण नऊ दिवसांचा कारभार! बँकेतला एखादा ओव्हरड्राफ्ट याहून अधिक काळ चालतो.

पण त्या नऊ दिवसांत चार देशांना एकमेकांविषयी जे कळले ते परिषदांच्या फायलींतून वर्षानुवर्षे कळले नसते. भारताचे नौदल दूरवर, वेळेवर, कोणाच्या आज्ञेवाचून पोहोचते, हे अमेरिका व जपानने प्रत्यक्ष पाहिले. 2007 च्या मे महिन्यात मनिला येथे याच चार देशांचे अधिकारी प्रथमच एकत्र बसले. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे त्यासाठी आग्रही होते. त्याच वर्षी सप्टेंबरात बंगालच्या उपसागरात या चौघांनी सिंगापूरसह ‘मलबार’ नौदल सराव केला. मुळात हा सराव 1992 पासून भारत व अमेरिका या दोघांचा. त्यावर चीनने नाराजी दाखवली, 2008 मध्ये ऑस्ट्रेलियाने अंग काढून घेतले आणि गट जवळजवळ दहा वर्षे निद्रिस्त राहिला. 2017 च्या नोव्हेंबरात तो पुन्हा जागा झाला, 2020 मध्ये ऑस्ट्रेलिया मलबार सरावात परतला आणि 2021 च्या मार्चमध्ये चारही राष्ट्रप्रमुख प्रथमच एकत्र बोलले. आज ज्याला आपण ‘क्वाड’ म्हणतो त्याची नोंदवही अशी सुनामीच्या चिखलात सुरू झालेली आहे.

या इतिहासात एक गोष्ट नजरेतून सुटू नये. नऊ दिवसांच्या सहकार्यापुढे दहा वर्षांची झोप आली, आणि ती मोडली ती चीनविषयीच्या समान चिंतेने. सुनामीने ओळख करून दिली. संबंध टिकवले ते हितसंबंधांनी. आपण मात्र आजही कोणाशी संरक्षणाचा लष्करी करार केलेला नाही, ‘क्वाड’ ही लष्करी युती नाही असे दिल्ली आवर्जून सांगते, आणि माझ्या मते ते शहाणपणाचे आहे.

चांदीच्या धंद्यात वावरणाऱ्यांना हे निराळे समजावण्याची गरज नाही. एखाद्याच्या घरी आग लागली तर आपण पाण्याच्या बादल्या घेऊन धावतो. त्याने मागे आपल्या मालाला नावे ठेवली होती की नाही हे त्या वेळी आठवत नाही. पण म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला चांदी उधार देत नाही. उधार चांदी दिली जाते ती ज्याचा टंच वर्षानुवर्षे जुळत आला आहे, वजनात ज्याने कधी दगा दिला नाही, त्याला. आग विझवताना मात्र एक गोष्ट दिसते : कोण दोरी धरून शेवटपर्यंत उभा राहिला आणि कोण मधूनच निघून गेला. ती माहिती पुढे व्यवहारात कामी येते. राष्ट्रांचेही एवढेच.

तुर्कस्तान आणि पाकिस्तान यांचा टंच कधीपासून जुळत आला आहे, तेही पाहिले पाहिजे. 1955 च्या बगदाद करारात दोघे एकत्र होते. 2018 मध्ये पाकिस्तानने तुर्कस्तानकडे चार युद्धनौकांची मागणी नोंदवली. सात दशकांचे हे खाते तीस खाटांच्या रुग्णालयाने बंद पडेल अशी अपेक्षा कोणत्या हिशेबाने ठेवायची?

गंमत अशी की आपत्तीतून मैत्री निघाल्याचे जगातले बहुचर्चित उदाहरणही तुर्कस्तानचेच आहे. तुर्कस्तान आणि ग्रीस हे दोघे नाटो या एकाच लष्करी युतीचे सभासद, तरीही एकमेकांचे जुने वैरी. 17 ऑगस्ट 1999 रोजी तुर्कस्तानात इझमितचा भूकंप झाला, तेव्हा ग्रीसची पथके धावली. तीन आठवड्यांनी, 7 सप्टेंबरला, अथेन्स हादरले तेव्हा तुर्की पथके तेथे गेली. त्याच डिसेंबरात हेलसिंकी येथे ग्रीसने युरोपीय संघातील तुर्कस्तानच्या उमेदवारीवरचा आपला विरोध मागे घेतला. वृत्तपत्रांनी याला ‘भूकंपाची मुत्सद्देगिरी’ म्हटले. पण दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांची बोलणी त्या उन्हाळ्यात भूकंपापूर्वीच सुरू झाली होती. भूकंपाने काय केले, तर जे दोन्ही सरकारे दबकत करत होती ते उघडपणे करण्यास जनतेची संमती मिळवून दिली. एजियन समुद्राच्या हद्दीचा वाद पुढेही तसाच राहिला.

जपान आणि अमेरिका ही तर करारबद्ध मित्रराष्ट्रे. 11 मार्च 2011 च्या भूकंप-सुनामीनंतर अमेरिकेने ‘ऑपरेशन तोमोदाची’ काढले. तोमोदाची म्हणजे पुन्हा ‘मित्र’च. सुमारे चोवीस हजार अमेरिकी सैनिक त्यात उतरले. सेंदाईचा चिखलाने भरलेला विमानतळ त्यांनी जपानी लोकांच्या बरोबरीने वापरण्याजोगा केला. हे काही दिवसांत जमले, कारण त्यांचे तळ, त्यांचे संदेशवहन, त्यांचे सराव हे सारे अनेक दशके तेथेच होते. संकटाने युतीची परीक्षा घेतली. युती जन्माला घातली नाही. ओकिनावा बेटावरील अमेरिकी तळांना तेथील लोकांचा असलेला विरोधही त्या चिखलाबरोबर धुऊन गेला नाही. आपल्या आपत्ती प्रतिसाद दलाने परदेशात पहिले पाऊल टाकले ते याच वेळी. 46 जवानांची तुकडी ओनागावा या गावी गेली होती.

नाण्याची दुसरी बाजू संशयाची आहे. तांदळाची पोती घेऊन आली तरी युद्धनौका ही युद्धनौकाच असते, हे घेणारा विसरत नाही. मे 2008 मध्ये नर्गिस चक्रीवादळाने म्यानमारचा खोऱ्याचा प्रदेश झोडपला, तेव्हा अमेरिका व फ्रान्सची जहाजे किनाऱ्यासमोर वाट पाहत उभी राहिली आणि तेथील लष्करी राजवटीने त्यांना आत येऊ दिले नाही; भारताच्या ‘राणा’ व ‘किरपाण’ या नौका मात्र आधीच मदत घेऊन पोहोचल्या. ऑक्टोबर 2005 च्या काश्मीर भूकंपात पाकिस्तानने भारताकडून तंबू व औषधे घेतली. हेलिकॉप्टरेही घेण्याची तयारी दाखवली, परंतु भारतीय वैमानिकांशिवाय! ते अर्थातच भारताला मान्य झाले नाही. ढिगाऱ्याखाली माणसे असताना वैमानिकाच्या गणवेशावर घासाघीस व्हावी याची मला तेव्हा चीड आली होती, पण दोन्ही सैन्ये जवळजवळ सहा दशके एकमेकांवर बंदुका रोखून होती हेही खरेच. नियंत्रण रेषेवर पाच ठिकाणी लोकांना ये-जा करण्याची वाट मात्र त्या भूकंपानेच उघडली.

आणि नेपाळ. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपानंतर काही तासांतच भारतीय विमाने काठमांडूत उतरली, जूनमध्ये भारताने पुनर्बांधणीसाठी एक अब्ज डॉलरचे आश्वासन दिले. सप्टेंबरात नेपाळची नवी राज्यघटना आली, तराईत आंदोलन पेटले, सीमेवरून ट्रक अडले, इंधन व गॅसचा तुटवडा झाला. ही नाकेबंदी आपली नाही असे भारत सांगत राहिला. नेपाळी माणसाला ते पटले नाही. मार्च 2016 मध्ये नेपाळने चीनशी मालवाहतुकीचा करार केला. एप्रिलमधली पुण्याई सप्टेंबरपर्यंतही पुरली नाही. चुलीत जाळ नसलेल्या घराला पाच महिन्यांपूर्वीचे तंबू आठवत नाहीत, आणि त्याला कृतघ्न म्हणण्याआधी आपण क्षणभर थांबले पाहिजे.

हे सारे सार्वभौम राष्ट्रांचे झाले. पण पाणी, सीमा आणि शेजार यांची हीच गुंतागुंत आपल्या उंबरठ्यावरही आहे, फक्त येथे दोन राज्ये आहेत आणि सैन्य एकच आहे. पंचगंगा व दूधगंगा यांच्या मधल्या पट्ट्यात आपली हुपरी. दूधगंगेपलीकडे थोडे गेले की निपाणी, चिकोडी. दक्षिण भारत जैन सभा 1899 मध्ये स्थापन झाली तेव्हा ही सीमा नव्हती; आजही आपल्या निम्म्या सोयरिकी तिकडे आहेत. ऑगस्ट 2019 च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने 55 फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी 43 फूट आहे. शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग अनेक दिवस पाण्याखाली राहिला. शिरोळ तालुक्यातील गावांतून लष्कर, नौदल व आपत्ती प्रतिसाद दलाच्या नावांनी माणसे बाहेर काढली. तेव्हा कोल्हापूर-सांगलीत एकच नाव तोंडी होते : आलमट्टी. कर्नाटकाने धरणाचे पाणी वेळेवर सोडले असते तर पूर आला नसता, ही भावना. पुढे महाराष्ट्राने नेमलेल्या वडनेरे समितीने पुराचा दोष आलमट्टीच्या फुगवट्यावर टाकला नाही, तरी लोकांच्या मनातला संशय गेला नाही.

बेळगाव सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आलमट्टीची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने 2010 मध्ये अनुकूलता दिली, त्यावरचा वादही संपलेला नाही. म्हणजे दोन्ही राज्यांत भांडणाला विषयांची वाण नाही. असे असताना 19 जून 2021 रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन जलसंपदामंत्री जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना भेटले, आणि पावसाची, धरणांतील साठ्याची व विसर्गाची माहिती एकमेकांना त्या त्या वेळी द्यावी असे ठरले. त्या भेटीत सीमाप्रश्न सुटला नाही. तो सोडवण्यासाठी भेट नव्हतीच. महिन्याभरात, जुलैच्या चौथ्या आठवड्यात, पंचगंगा पुन्हा 2019 च्या पातळीला जाऊन भिडली आणि महामार्ग पुन्हा बंद पडला. माहितीच्या देवाणघेवाणीने आकाशातले पाणी थोपत नाही. पण पाणी किती येते आहे आणि पुढे किती सोडले जात आहे हे आधी कळले, तर कुरुंदवाड, नृसिंहवाडीच्या माणसाला जनावरे सोडायला आणि दुकानातला माल माळ्यावर चढवायला एक रात्र अधिक मिळते. 2019 मध्ये ज्यांची दुकाने छतापर्यंत बुडाली त्यांना त्या एका रात्रीची किंमत विचारावी.

2025 च्या ज्या मे महिन्यात पुण्याच्या बाजारातून तुर्की सफरचंदे उतरवली जात होती, त्याच महिन्यात महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी आलमट्टीची उंची वाढवण्यास विरोध करणारे पत्र कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले, आणि तिकडून विरोधाला विरोध करणारे उत्तर आले. पत्रे फायलीला लागली. पाऊस लागला की कोयनेतून किती क्युसेक सुटले, राधानगरीचे किती दरवाजे उघडले, आलमट्टीतून खाली किती जात आहे, हे आकडे दोन्ही बाजूंचे पाटबंधारे अधिकारी एकमेकांना कळवत राहतात.